२०२७ मध्ये राष्ट्रपती कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. पुढचं नाव कोणाचं, यावरचा अंदाजांचा खेळ तोवर रंगत जाणार. वाचक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी नियम, मग आकडे, मग नावं आणि शेवटी गुंतागुंतीच्या शक्यता. नियम पाठ असतील तर थेट प्रश्न ६ पासून वाचायला हरकत नाही.

१. निवडणूक नेमकी कधी होते?

मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली, म्हणजे पाच वर्षं २४ जुलै २०२७ ला भरतात. मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असं राज्यघटनेचं कलम ६२ सांगतं. अधिसूचना मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांतच काढता येते. त्यामुळे सगळा कार्यक्रम जून-जुलैत बसतो. मागच्या चार वेळचं मतदान पाहा: १९ जुलै २००७, १९ जुलै २०१२, १७ जुलै २०१७, १८ जुलै २०२२. मतमोजणी दोन-तीन दिवसांनी. अधिकृत तारखा निवडणूक आयोगच जाहीर करतो, पण जुलैचा तिसरा आठवडा मोकळा ठेवलात तर फारसं चुकणार नाही.

शपथेचा दिवस २५ जुलैच का, असंही विचारलं जातं. फक्रुद्दीन अली अहमद फेब्रुवारी १९७७ मध्ये पदावर असतानाच वारले. त्यांच्यानंतर आलेल्या नीलम संजीव रेड्डींनी २५ जुलै १९७७ ला शपथ घेतली. तेव्हापासून प्रत्येकाने मुदत पूर्ण केली, म्हणून तारीख टिकून आहे.

२. उभं कोण राहू शकतं? मी अर्ज भरला तर?

भारताचा नागरिक असावा, वय किमान ३५ असावं, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता असावी (म्हणजे मतदार यादीत नावही हवं) आणि सरकारी लाभाचं पद नसावं. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि मंत्री यांची पदं लाभाची धरली जात नाहीत, म्हणून राज्यपाल किंवा मुख्यमंत्री राजीनामा न देताही उभे राहू शकतात. अमेरिकेसारखी जन्माने नागरिक असण्याची अट आपल्याकडे नाही. मात्र परदेशात स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलेल्या आणि ओसीआय कार्ड बाळगणाऱ्या मराठी मंडळींना दार बंद आहे, कारण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे.

खरी चाळणी पुढे आहे. अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, आणि हे शंभरही जण मतदार म्हणजे खासदार किंवा आमदार असावे लागतात. अनामत १५,००० रुपये. हौशी उमेदवारांना आवर घालण्यासाठी ही संख्या १९९७ मध्ये एवढी वाढवली गेली. तरी हौस कमी झालेली नाही. २०२२ मध्ये ११५ अर्ज आले आणि छाननीनंतर उरले दोनच उमेदवार. १९७७ मध्ये तर ३७ पैकी ३६ अर्ज बाद झाले आणि रेड्डी बिनविरोध आले. असं तेव्हा एकदाच घडलं.

३. मतदान कोण करतं? विधान परिषदेचे आमदारही करतात का?

नाही. लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार, सर्व राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार, तसेच दिल्ली आणि पुद्दुचेरीचे आमदार, एवढेच मतदार. २०२२ मध्ये ते ४,८०९ होते: ७७६ खासदार, ४,०३३ आमदार. राष्ट्रपतींनी नेमलेल्या राज्यसभेच्या बारा सदस्यांना मत नाही. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र त्यांना मत असतं, तिथे बरेच जण गोंधळतात.

विधान परिषदेचा एकही सदस्य मतदार नसल्यामुळे एक गंमत होते. २०१२ मध्ये पृथ्वीराज चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, पण विधान परिषदेतून आलेले. त्यांच्या मंत्रिमंडळातल्या आमदारांनी राष्ट्रपती निवडला, मुख्यमंत्र्यांना मत नव्हतं. २०२२ मध्ये बिहारच्या नितीश कुमारांचंही तेच.

४. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५ चं आणि गोव्याचं २० चं, असं का?

राज्याची लोकसंख्या भागिले विधानसभेच्या निवडून द्यायच्या जागा, आणि त्याला पुन्हा हजाराने भाग. लोकसंख्या धरायची १९७१ च्या जनगणनेची. महाराष्ट्र तेव्हा ५,०४,१२,२३५ होता. त्याला २८८ ने आणि मग हजाराने भागलं की १७५. गोव्याचे १९.८८ येतात, ते २० धरले जातात. उत्तर प्रदेशाचा आमदार २०८ चा, सिक्कीमचा ७ चा.

सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज (२०२२ मध्ये ५,४३,२३१) ७७६ खासदारांत वाटली की प्रत्येक खासदाराचं मत ७०० चं होतं. यामागे हेतू असा की संसद आणि राज्यं यांचं पारडं जवळपास सारखं राहावं.

महाराष्ट्राचे २८८ आमदार मिळून ५०,४०० आणि ६७ खासदार मिळून ४६,९००. एकूण साडेदहा-अकरा लाखांतले जवळजवळ नऊ टक्के. गोव्याचे चाळीसही आमदार मिळून ८००, म्हणजे एका खासदाराहून जरा जास्त. १९७१ चे आकडे अजून का चालतात आणि २०२७ मध्ये चालतील का, ते प्रश्न १५ मध्ये.

५. जिंकायला किती मतं लागतात?

वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक. सर्वाधिक मतं मिळाली पण निम्मी नाहीत, असं झालं तर काम भागत नाही. मग मतपत्रिकेवरची पुढची पसंती मोजली जाते (प्रश्न १४). २०२२ मध्ये एकूण मतमूल्य १०,८६,४३१ होतं. मुर्मूंना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हांना ३,८०,१७७ मिळाली. ५३ मतं बाद झाली. खासदार-आमदारांनाही मतपत्रिका नीट भरता येत नाही, हे दर पाच वर्षांनी सिद्ध होतं. २०१२ मध्ये तर मुलायमसिंह यादवांसारख्या मुरलेल्या नेत्याचं मत बाद झालं होतं.

६. आत्ताच्या सत्ताधारी आघाडीकडे स्वतःच्या बळावर निवडून आणण्याएवढी मतं आहेत का?

नावांचा विचार करण्याआधी विचारायला हवा असा प्रश्न हाच, आणि तो फार कमी जण विचारतात. लोकसभेत २०२४ ला एनडीएला २९३ जागा मिळाल्या. खासदारामागे ७०० धरले तर २,०५,१०० झाले. महाराष्ट्रात महायुतीच्या तीन पक्षांचे मिळून २३० आमदार आले, म्हणजे ४०,२५०. बिहारमध्ये २०२५ ला २०२ जागा, म्हणजे ३४,९४६. ओडिशात २०२२ मध्ये बिजू जनता दलाच्या मदतीची गरज होती. २०२४ मध्ये तिथे भाजपचंच सरकार आलं. सप्टेंबर २०२५ च्या उपराष्ट्रपती निवडणुकीत सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२ आणि बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मतं पडली. ती निवडणूक फक्त खासदारांची, पण संसदेतला तोल त्यातून दिसतो.

उरलेली मोठी पेटी उत्तर प्रदेशाची. तिथले ४०३ आमदार मिळून ८३,८२४. तिथली आणि पंजाब, उत्तराखंड, गोवा, मणिपूरची विधानसभा निवडणूक राष्ट्रपती निवडणुकीच्या काही महिने आधी यायची आहे. या पाचांची बेरीज १,०३,७५६. म्हणून मार्च २०२७ च्या आधी जो कोणी छातीठोकपणे नाव सांगतो, त्याने हा आकडा सोडून दिलेला असतो. आघाडी भक्कम असेल तर नाव स्वतःच्या मर्जीचं येतं. ती काठावर असेल तर मित्रपक्षांना आणि कुंपणावरच्यांना नाकारता येणार नाही असं नाव शोधावं लागतं. एकाच पक्षाचे २००२ आणि २०१७ चे उमेदवार इतके वेगळे का, याचं निम्मं उत्तर या बेरजेत आहे.

७. मग नाव ठरवतं कोण? कुठे काही मतदान वगैरे होतं का?

पक्षांतर्गत मतदान होत नाही. भाजपमध्ये संसदीय मंडळाच्या बैठकीनंतर घोषणा होते, काँग्रेसप्रणीत यूपीएच्या काळात आघाडीच्या बैठकीनंतर व्हायची. प्रत्यक्षात निर्णय दोन-चार माणसांत होतो आणि बैठक त्यावर शिक्का मारते. घोषणेची वेळ मात्र ठरलेली दिसते: १४ जून २००७ प्रतिभाताई पाटील, १५ जून २०१२ प्रणव मुखर्जी, १९ जून २०१७ रामनाथ कोविंद, २१ जून २०२२ द्रौपदी मुर्मू.

८. वर्षभर आधीपासून चॅनेलवर जी नावं फिरतात, त्यांना काही अर्थ असतो का?

असतो, पण वेगळा. बहुतेक नावं तीन कारणांनी बाहेर येतात: कोणाला तरी अंदाज घ्यायचा असतो, कोणाला तरी तो माणूस कापायचा असतो, किंवा स्वतः त्या माणसानेच गुडघ्याला बाशिंग बांधलेलं असतं. "विश्वसनीय सूत्रांनी" यातलं कोणतं कारण आहे हे सांगितलेलं नसतं.

मागचं पाहा. २००२ मध्ये एनडीएच्या मनात पी. सी. अलेक्झांडर होते, तेव्हाचे महाराष्ट्राचे राज्यपाल. काँग्रेसने मान डोलावली नाही. मग उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचं नाव आलं आणि तेही मागे पडलं. शेवटी आले ए. पी. जे. अब्दुल कलाम, ज्यांना विरोध करणं काँग्रेसलाही जड गेलं. २००७ मध्ये लातूरचे शिवराज पाटील जवळपास ठरलेच आहेत असं वातावरण होतं; डाव्यांनी नकार दिला आणि प्रतिभाताईंचं नाव पुढे आलं, जे कोणाच्याच यादीत वरती नव्हतं. २०१२ मध्ये ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंहांनी पत्रकारांसमोर तीन नावं ठेवली: कलाम, मनमोहन सिंग, सोमनाथ चटर्जी. दोन दिवसांत यूपीएने मुखर्जींचं नाव जाहीर केलं आणि मुलायमसिंह फिरले. २०१७ मध्ये लालकृष्ण अडवाणी, मुरली मनोहर जोशी, सुषमा स्वराज, सुमित्रा महाजन अशा नावांवर तासन्‌तास चर्चा झाल्या. आले बिहारचे राज्यपाल कोविंद. मराठी वृत्तपत्रांना 'धक्कातंत्र' हा शब्द इतका आवडतो, तो अशा दिवसांमुळेच.

पण म्हणून सगळी यादी फेकून देऊ नका. द्रौपदी मुर्मूंचं नाव २०१७ च्या चर्चेत होतं, तेव्हा त्या झारखंडच्या राज्यपाल होत्या. पाच वर्षांनी तेच नाव खरं ठरलं. माझं मत असं की मागच्या वेळी यादीत राहून मागे पडलेली, वादात न अडकलेली नावं या वेळच्या ताज्या नावांपेक्षा जास्त लक्ष देण्याजोगी असतात. आणि मोठ्या नेत्याचं नाव जितकं लवकर आणि जितकं जोरात येतं, तितकी त्याची शक्यता कमी.

९. उपराष्ट्रपतीच पुढे राष्ट्रपती होतात ना? मग सी. पी. राधाकृष्णन नक्की समजायचे का?

एकेकाळी तसा शिरस्ता होता. सर्वपल्ली राधाकृष्णन, झाकिर हुसेन, व्ही. व्ही. गिरी, आर. वेंकटरामन, शंकर दयाळ शर्मा, के. आर. नारायणन असे सहा उपराष्ट्रपती राष्ट्रपती झाले. पण नारायणन राष्ट्रपती झाले १९९७ मध्ये, आणि त्यानंतर एकही नाही. कृष्णकांत डावलले गेले. भैरोसिंह शेखावत २००७ मध्ये उभे राहून हरले. हमीद अन्सारी दहा वर्षं उपराष्ट्रपती राहिले, दोन निवडणुका त्यांच्या समोरून गेल्या. वेंकय्या नायडूंचं नाव २०२२ मध्ये शेवटच्या दिवसापर्यंत घेतलं जात होतं. जगदीप धनखड यांनी तर जुलै २०२५ मध्ये मुदतीआधीच राजीनामा दिला.

सध्याचे उपराष्ट्रपती आधी महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि ते मूळचे तमिळनाडूचे आहेत. २००७ मध्ये कलाम यांची मुदत संपल्यापासून दक्षिणेतला कोणी राष्ट्रपती झालेला नाही, त्यामुळे त्यांचं नाव चर्चेत राहणार हे उघड आहे. पण त्यांची मुदत २०३० पर्यंत आहे, आणि दक्षिणेला एक मोठं पद मिळालेलंच आहे असाही हिशोब पक्ष करू शकतो. हा मुद्दा दोन्ही बाजूंनी कापतो.

राज्यपालपदाची वाट अलीकडे जास्त चालती आहे. प्रतिभाताई राजस्थानच्या राज्यपालपदावरून गेल्या, कोविंद बिहारच्या. मुर्मू झारखंडच्या माजी राज्यपाल.

१०. मुर्मूंनाच पुन्हा का नाही?

घटनेची आडकाठी नाही; कलम ५७ पुन्हा निवडून येण्याची मुभा देतं, कितीही वेळा. पण दोनदा निवडून आले ते फक्त राजेंद्र प्रसाद, १९५२ आणि १९५७ मध्ये. त्यानंतर कोणत्याही पक्षाने आपल्याच राष्ट्रपतीला दुसऱ्यांदा उभं केलं नाही, भाजपनेही कोविंदांना केलं नाही. कलाम यांच्या दुसऱ्या फेरीसाठी लोकांतून मागणी होती, आकडे नव्हते, आणि ते रिंगणात उतरले नाहीत.

मुर्मू वयाच्या हिशोबात पाहिल्या तर तरुण आहेत: शपथ घेताना ६४ वर्षांच्या, आजवरच्या सर्वांत कमी वयाच्या राष्ट्रपती. २०२७ मध्ये त्या ६९ च्या असतील. वयाचा मुद्दा येत नाही. सवयीचा येतो: प्रत्येक निवडणुकीत पक्षाला एखाद्या नव्या समाजघटकाला काही सांगायचं असतं, आणि ते जुन्या नावाने सांगता येत नाही.

११. नरेंद्र मोदी राष्ट्रपती होतील का?

उभं राहायला कायदेशीर अडचण शून्य. पण आजवर एकही पंतप्रधान किंवा माजी पंतप्रधान राष्ट्रपती झालेला नाही. कारण सोपं आहे. कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावं लागतं. फार तर एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतं. ज्याच्या हातात सगळा कारभार आहे त्याने तो दुसऱ्याला देऊन सही करण्याचं काम का घ्यावं? शक्यता शून्य म्हणणार नाही, पण या अंदाजावर पैज लावू नका.

१२. प्रतिभाताईंनंतर पुन्हा मराठी राष्ट्रपती होण्याची शक्यता किती? शरद पवारांचं काय?

राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई महाराष्ट्रातल्या एकमेव. जळगावच्या, आमदारकी एदलाबादची, खासदारकी अमरावतीची. त्या आल्या तेव्हा एनडीएत असलेल्या शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून त्यांना मत दिलं आणि भाजपच्या शेखावतांना दिलं नाही. त्या ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा जिंकल्या, म्हणजे शिवसेनेविनाही जिंकल्या असत्या. पण मराठी नाव आलं की महाराष्ट्रातलं राजकारण कसं वाकतं ते त्या वेळी दिसलं.

त्याआधी १९६९ मध्ये चिंतामणराव देशमुख उभे होते (प्रश्न १४). २००२ मध्ये सुशीलकुमार शिंदे उपराष्ट्रपतीपदासाठी लढले आणि शेखावतांकडून ४५४ विरुद्ध ३०५ असे हरले. २०१७ मध्ये शिवसेनेने मोहन भागवतांचं नाव सुचवलं, भागवतांनी लगेच नकार दिला. त्या सूचनेत उमेदवारीपेक्षा भाजपला चिमटा जास्त होता.

पवारांचं नाव २०१७ आणि २०२२ दोन्ही वेळा आलं. २०२२ मध्ये विरोधकांच्या बैठकीत त्यांना आग्रह झाला आणि त्यांनी नाही म्हटलं. बेरीज ज्यांना तोंडपाठ असते ते हरणाऱ्या निवडणुकीत उभे राहत नाहीत. २०२७ मध्ये चित्र बदलायला प्रश्न ६ मधली बेरीज मुळापासून बदलावी लागेल.

सत्ताधारी बाजूने पाहिलं तर भाजपच्या काळातले तीन राष्ट्रपती तमिळनाडूचे मुस्लिम शास्त्रज्ञ, उत्तर प्रदेशातले दलित नेते आणि ओडिशातल्या आदिवासी महिला असे आहेत. राज्य हा निकष त्यात दुय्यम, समाजघटक पहिला. महाराष्ट्रातून नाव यायचं असेल तर ते 'मराठी' म्हणून नव्हे, दुसऱ्या कुठल्या तरी ओळखीने येईल, असं मला वाटतं.

१३. हरणार हे माहीत असताना विरोधक उमेदवार देतातच कशाला? आणि कसा निवडतात?

मतं एकत्र ठेवायला आणि समोरच्यांच्या आघाडीत फट पाडायला. जुन्या यादीत तीन प्रकार दिसतात. एक, न्यायाधीश: १९६७ मध्ये सरन्यायाधीशपद सोडून आलेले कोका सुब्बा राव, १९८२ मध्ये एच. आर. खन्ना, १९८७ मध्ये व्ही. आर. कृष्ण अय्यर. २०२५ च्या उपराष्ट्रपती निवडणुकीतले सुदर्शन रेड्डीही सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीशच. दोन, ज्यांना विरोध करणं अवघड जावं असं नाव: आझाद हिंद सेनेच्या लक्ष्मी सहगल २००२ मध्ये, मीरा कुमार २०१७ मध्ये. तीन, समोरच्यांतून बाहेर पडलेला माणूस, जसे २०२२ मध्ये यशवंत सिन्हा. त्यांच्या आधी पवार, फारुख अब्दुल्ला आणि गोपालकृष्ण गांधी असे तिघे नाही म्हणाले होते. विरोधकांची उमेदवारी बहुधा अशा नकारांच्या रांगेतून खाली येते.

या खेळीला उलटा शह म्हणजे सत्ताधाऱ्यांचं नावच असं देणं की विरोधकांतले पक्ष फुटावेत. २०२२ मध्ये नेमकं तेच झालं: काँग्रेससोबत सत्तेत असलेल्या झारखंड मुक्ती मोर्चाने मुर्मूंना मत दिलं, उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेनेही.

व्हिप काढून हे थांबवता येत नाही. या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही, मतदान गुप्त असतं आणि पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून पक्षांतरबंदी कायद्याने आमदारकी जात नाही. खरी शिवसेना कोणती, खरी राष्ट्रवादी कोणती, हा वादही इथे गैरलागू. शिवसेनेने तर मित्रपक्षांची वाट सोडण्याची परंपराच केली आहे: १९९७ मध्ये नारायणन यांच्याऐवजी टी. एन. शेषन, २००७ मध्ये प्रतिभाताई, २०१२ मध्ये प्रणव मुखर्जी, २०२२ मध्ये मुर्मू.

१४. दुसऱ्या पसंतीच्या मतांनी राष्ट्रपती कधी ठरला आहे का?

एकदाच, १९६९ मध्ये, आणि त्यात एक मराठी माणूस मध्यभागी होता. झाकिर हुसेन पदावर असताना वारले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डींना उमेदवारी दिली, जी पंतप्रधान इंदिरा गांधींना नको होती. हंगामी राष्ट्रपती गिरी अपक्ष उभे राहिले आणि इंदिराबाईंनी काँग्रेसच्या आमदार-खासदारांना आतला आवाज ऐकून मत द्यायला सांगितलं. तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख: महाडजवळ जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रीपद सोडणारे. त्यांच्यामागे स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ होते.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतं पडली. कोणालाच निम्मी नाहीत. मागचे उमेदवार एकेक करून बाद होत देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्या गेल्या. त्यांतली दुसरी पसंती बहुतांश रेड्डींना होती, पण गिरींना हवी होती ती थोडीशीच. शेवटचा आकडा: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. काही महिन्यांत काँग्रेस दुभंगली.

२०२७ मध्ये तिसरा भक्कम उमेदवार आला तर हा हिशोब पुन्हा जिवंत होईल. दोघांतच लढत असेल तर दुसऱ्या पसंतीला किंमत नाही.

१५. जनगणना होते आहे. मग मताची किंमत बदलेल का?

हा प्रश्न हल्ली जास्त येतो, आणि तो खराच पेचाचा आहे. घटनेच्या कलम ५५ च्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे संबंधित आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ ची लोकसंख्या धरायची. नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ (बर्फाळ भागांत १ ऑक्टोबर २०२६). म्हणजे तीच ती 'पहिली जनगणना'. राष्ट्रपती निवडणूक जुलैत. आकडे त्याआधी प्रसिद्ध झाले तर नवी लोकसंख्या, नंतर झाले तर १९७१.

फरक किती पडतो ते २०११ च्या आकड्यांवरून पाहू, केवळ नमुन्यासाठी. महाराष्ट्राचा आमदार १७५ वरून ३९० वर जातो, उत्तर प्रदेशाचा २०८ वरून ४९६ वर, तमिळनाडूचा १७६ वरून ३०८ वर. सगळेच वाढतात, पण सारखे नाही. १९७१ च्या हिशोबात तमिळनाडूचा आमदार महाराष्ट्राच्या आमदाराहून एकाने जड आहे. २०११ च्या हिशोबात तो बराच हलका होतो. कुटुंबनियोजन ज्यांनी मनावर घेतलं त्या राज्यांचं वजन कमी होतं. लोकसभेच्या जागांची फेररचना होण्याबद्दल दक्षिणेत जी तक्रार आहे, तीच इथे लागू पडते. आमदारांची बेरीज वाढली की खासदाराचं मूल्यही वाढतं, कारण ते त्याच बेरजेतून निघतं.

जनगणनेचे पक्के आकडे यायला नेहमी वेळ लागतो, त्यामुळे २०२७ ची निवडणूक १९७१ वरच होईल असा माझा अंदाज आहे. पण 'संबंधित आकडे' म्हणजे प्राथमिक की अंतिम, यावरून कोणी सर्वोच्च न्यायालयात गेलं तर नवल वाटायला नको. राष्ट्रपती निवडणुकीचे वाद थेट तिथेच जातात, कलम ७१.

१६. जम्मू-काश्मीरचे आमदार मत देतील का?

२०२२ मध्ये तिथे विधानसभाच नव्हती, म्हणून खासदाराचं मूल्य २०१७ च्या ७०८ वरून ७०० वर आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ९० आमदार निवडून आले, पण जम्मू-काश्मीर केंद्रशासित प्रदेश आहे, आणि कलम ५४ च्या स्पष्टीकरणात केंद्रशासितांपैकी दिल्ली आणि पुद्दुचेरी यांचीच नावं आहेत. तीही १९९२ च्या घटनादुरुस्तीने आली. त्यामुळे राज्याचा दर्जा परत मिळणं किंवा घटनादुरुस्ती होणं, हा सरळ मार्ग. तिथल्या आमदारांनी राज्यसभेसाठी मतदान केलं ते वेगळ्या तरतुदीखाली, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

१७. ऐन वेळी एखादी विधानसभा बरखास्त झाली तर निवडणूक पुढे ढकलतात का?

नाही. १९७४ मध्ये गुजरातची विधानसभा बरखास्त होती. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं की निवडणूक मुदतीत व्हायलाच हवी. मतदारमंडळात जागा रिकामी आहे एवढ्या कारणावरून निकालाला आव्हान देता येत नाही. त्या राज्याच्या आमदारांची मतं मात्र बुडतात, आणि ते राज्य मोठं असेल तर प्रश्न ६ मधली बेरीज नव्याने मांडावी लागते.

१८. राष्ट्रपतिपद मध्येच रिकामं झालं तर? आणि उपराष्ट्रपतीही नसतील तर?

मृत्यू, राजीनामा किंवा महाभियोग यामुळे पद रिकामं झालं तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते, तोवर उपराष्ट्रपती काम पाहतात. निवडून येणाऱ्याला उरलेली नव्हे, पूर्ण पाच वर्षं मिळतात. दोन्ही पदं एकदम रिकामी होण्याची वेळ १९६९ मध्ये आली. गिरींनी निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला, तेव्हा त्याच वर्षी केलेल्या कायद्याप्रमाणे सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला २० जुलै ते २४ ऑगस्ट राष्ट्रपतींचं काम पाहत होते. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हेच हिदायतुल्ला पुढे १९७९ मध्ये उपराष्ट्रपतीही झाले, तेही बिनविरोध.